नाव सांगून येणारी मंडळी

भुतं असतात की नाही, मला ठाऊक नाही. पण असतीलच, तर पोलादपुरात माझ्या थोरल्या साडूंच्या टेबलाशी नाव नोंदवल्याशिवाय ती पुढे आंबेनळी घाट चढत नसणार. निवृत्तीनंतर माणसं देवधर्माला लागतात, साडू लिनक्सला लागले. त्या संगणकप्रणालीच्या काळ्या पडद्यावर दिवसभर पांढऱ्या ओळी सरकत असतात. संगणकाला काहीही जोडलं की ओळ उमटते, कोण आलं आणि कुठल्या पोर्टला, म्हणजे खाचेला, आलं. उपटलं की दुसरी, गेलं. साडू हे सगळं मोठ्याने वाचतात. "माउस आला. माउस गेला." शेजारीपाजारी बंद पडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि उपचार ठरलेला असतो: आधी ओळ बघायची, मग केबल बदलायची, मग पोर्ट, मग वीज पुरते का ते पाहायचं. वस्तूला शिव्या देण्याची पाळी सगळ्यात शेवटी. पेन ड्राइव्ह संगणकाला न सांगता उपटणाऱ्याला तर त्या घरात क्षमाच नाही. ग्रामपंचायतीतल्या एका भाऊसाहेबांनी तसा उपटला, तर साडूंनी तो त्यांना परत लावायला लावला, रीतसर सोडवायला लावला आणि मगच चहा दिला.

एकदा श्रावणात मी महाडहून गेलो होतो. भर दुपारी घाटातलं धुकं खाली उतरून थेट खोलीत शिरलं होतं. आम्ही चहा पीत होतो, संगणकाला काहीही जोडलेलं नव्हतं, आणि पडद्यावर ओळ उमटली: कुणीतरी आलंय, नाव सांगत नाही. मी साडूंकडे पाहिलं.

"ओल शिरते पोर्टात," साडू म्हणाले. पण म्हणता म्हणता त्यांनी रिकामं स्टूल पायाने पुढे सरकवलं, ते मी पाहिलं.

त्याच दुपारी वरच्या वाडीतल्या एक बाई आल्या. पदराखाली एक हार्ड डिस्क होती. त्यांचे यजमान उन्हाळ्यात गेले. ते गुरांना हाक मारायचे तो आवाज मुंबईच्या मुलाने डिस्कमध्ये ठेवला होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. "हाक ऐकल्याबिगर म्हस गोठ्यात शिरत नाय वो," बाई म्हणाल्या. खरं तर हाक त्यांनाच ऐकायची होती.

साडूंनी डिस्क जोडली. आली. गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. केबल बदलली, पोर्ट बदललं, स्वतंत्र वीज देणारा हब लावला. डिस्क दारापर्यंत येऊन मागे फिरत होती. "आत काही बिघडलं असलं तर अशी धडपड करून उरलंसुरलंही जायचं," साडू मला हळूच म्हणाले.

बाई मात्र शांतपणे पडद्याकडे बघत होत्या. "धाव्याला पन असाच अडून बसला हुता. कावळा शिवंना." दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, की गेलेल्याची राहिलेली इच्छा कुणीतरी बोलून दाखवायची असते. नदीच्या घाटावर मुलगा बोलला होता, आईला मुंबईला नेतो म्हणून, पण ती इच्छा यजमानांची नव्हती. आता बाई उठल्या, डिस्कसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. "गुरं इकायची नायत. मी वाडी सोडून जायाची नाय. झालं?"

ओळ उमटली आणि टिकली.

"केबल हलली असेल," साडू पुटपुटले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडून त्यांनी आधी सगळं उतरवून घेतलं, मग आवाज लावला. धुक्यात कुणीतरी दुरून हाक घालतंय असा तो आवाज. बाईंनी पदर तोंडात धरला. बाहेर रस्त्यावर बसलेलं कुणाचंसं जनावर उठलं आणि उंबऱ्याशी येऊन आत बघत राहिलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि मला रडूही आलं.

बाई गेल्यावर साडूंनी खण उघडून मला एक डबी दाखवली. आत मेमरी कार्ड होतं. माझी मेहुणी, त्यांची बायको, जाऊन आता बराच काळ लोटला. तिच्या मोबाइलमधलं ते कार्ड. त्यात तिचे आवाज, फोटो, सगळं असणार. असल्या वस्तू सबंध तालुक्याच्या जोडून देणाऱ्या माणसाने हे कार्ड कधीच लावलं नव्हतं.

"भाऊ, लावून बघा की," मी म्हणालो.

त्यांनी डबी मिटली. धुक्यात खोली इतकी अंधारली होती की त्यांचा चेहरा मला नीट दिसेना.

"आणि तीही अशीच अडून बसली तर? तिचं काय राहिलंय, ते मला ठाऊकच नाय रे."