नाटकात नसलेलं वाक्य

“वाह, क्या ऐक्टिंग है!” शेजारचे काका पुटपुटले. धुपाच्या धुरात नायिका गळा धरून खाली बसली होती. गोहलपुरातल्या त्या बंद कारखान्यात आम्ही प्रेक्षक नटांच्या मधेच बसलो होतो आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही, असं दिग्दर्शकाने आधीच बजावलं होतं. नाटक हिंदी होतं. पण ती माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली, “आई गं, श्वास येऊन नाही राहिला.” घाबरल्यावर माझ्याही तोंडी घरचीच भाषा येते. वर्गात कधी हात वर न करणारी मी, तेव्हा उभी राहून दाराशी बसलेल्या माणसाला ओरडून म्हणाले, “भैया, दरवाज़ा खोलो, ये नाटक नहीं है!”