जांभ्याची ठिकरी आणि संगमेश्वरचं अंगण

माझी धाकटी बहीण मधुरा तिकडच्या नववर्षाच्या सुट्टीत चीनहून पुण्याला आली आणि आल्या आल्या रडायलाच बसली. तिची रेवा दहा वर्षांची, तिथल्याच शाळेत शिकते. चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतोय. डॉक्टर म्हणाले, पोरीला रोज उन्हाउजेडात खेळू द्या. पण शाळा, शिकवणी, गृहपाठ यातून रेवा खुर्चीवरून उठते ती थेट झोपायलाच. मी म्हटलं, रडतेस काय, बॅग भर. कोकणात जाऊ.

पहाटेच निघालो. उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो. वळणं भरपूर आहेत, तेव्हा पोट भरून निघू नका. घाटात रेवा डोळे मिटून भुवया दाबायला लागली. गाडी लागली वाटून मी घाईघाईने थांबवली, तर बाईसाहेब डोळ्यांचा व्यायाम करत होत्या! शाळेत रोज गाण्याच्या तालावर सगळा वर्ग करतो म्हणे. अलोऱ्याला चहा घेतला आणि पुढे महामार्गाची कामं चुकवत दुपारी संगमेश्वरजवळच्या गावात पोचलो.

उतरलो होतो शुभांगीकाकींच्या घरी. नवरा मुंबईला नोकरीला, म्हणून त्यांनी दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्यात. माणशी हजारभर रुपयांत राहणं, घावणे, कुळथाची पिठी आणि पोटभर भात. आंघोळीला बंबाचं पाणी. याहून जास्त काय हवं माणसाला?

जेवण झाल्यावर रेवाने दोरी काढली. सुट्टीचा गृहपाठ! रोज दोरीवरच्या उड्या मारायच्या, आईने मोजायच्या आणि व्हिडिओ बाईंना पाठवायचा. पोरगी अशी उडत होती की दोरी दिसेना. मी हरखूनच गेले. मधुराने मोजणं थांबवलं, तशी रेवाने दोरी गुंडाळली आणि आत जाऊन टॅब उघडला.

"आजचं खेळणं झालं, मावशी," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. पण कोणावर चिडायचं? काकींची प्राची, रेवाच्याच वयाची, तीही पडवीत आईच्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती. कोकणातली पोरं दिवसभर झाडावर असतात, हा आपला शहरी गैरसमज. काकींनी मोबाइल काढून घेतला तेव्हा कुठे ती धुसफुसत उठली आणि शेजारच्या मुलींना घेऊन अंगणात ठिकरीची घरं आखायला लागली.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. भेळ खाल्ली, समुद्र पाहिला. रेवा वाळूत उभी राहून विचारत होती, इथे काय करायचं असतं? मधुराचा चेहरा उतरला.

संध्याकाळी परत आलो तेव्हा अंगणात ठिकरी रंगली होती. रेवा दारातून बघत होती. प्राचीने जांभ्या दगडाची एक कपची तिच्या हातात दिली.

"ये गो बाय. हरलीस तर हरलीस, इथे कोण मारतंय?"

"पण किती झाल्यावर थांबायचं?" रेवाने विचारलं.

प्राची तिच्याकडे बघतच राहिली. "आई हाक मारेल तेव्हा."

रेवा उतरली. लंगडी घालताना रेघेवर पाय पडला, बाद झाली, भांडली, पुन्हा उतरली. चष्मा काढून माझ्याकडे दिला, गुडघे लाल करून घेतले. मधुरा मोबाइल घेऊन उठली, आजचा दोरीचा व्हिडिओ राहिलाय म्हणून. मी तिला हात धरून खाली बसवलं. उजेड सरला, मोहोराचा वास यायला लागला, तरी मधुरा हाक मारेना. शेवटी काकींनीच सगळ्यांना भात वाढल्याचं सांगितलं.

परतताना आंबा घाटाने आलो, रस्ता लांब पण सोपा. रेवाने जांभ्याची कपची रुमालात बांधून घेतली होती. मनात म्हटलं, एका संध्याकाळच्या खेळाने काय होणार! नंबर काही उतरणार नाही. तिथे गेल्यावर पुन्हा तीच खुर्ची.

काल मधुराचा व्हिडिओ आला. उंच इमारतींमधली फरशी, खडूने आखलेली घरं आणि त्यात ती लाल कपची. रेवा लंगडी घालतेय. तिची मैत्रीण चिनीत काहीतरी विचारते, रेवा लंगडी घालतच उत्तर देते. खाली मधुराने लिहिलंय, "ताई, मैत्रीण विचारतेय, किती झाल्यावर थांबायचं? रेवा म्हणतेय, आई हाक मारेल तेव्हा."

आणि त्याखाली, "गृहपाठ बाकी आहे. पण मी अजून हाक मारलेली नाही."