एका ओळीचा बोर्ड

आमच्या बेळगावच्या क्लबात माणसं खेळायला कमी आणि भांडायला जास्त येतात, त्यामुळं किस्से गवतासारखे वाढतात. गवत मी आठवड्यातनं तीनदा कापतो. किस्से कुणी कापत नाही, म्हणून ते साठत गेले.

परवा नवीन सेक्रेटरी आले. म्हणाले, आप्पा, आपली लॉन बाऊल्सची नॅशनल जोडी स्पर्धा एवढी जुनी, तिचा इतिहास स्मरणिकेत छापायचा आहे. पण विजेत्यांच्या बोर्डावर एकच ओळ, तीही पार तळाला. बाकीची नावं कुठं गेली?

मी म्हटलं, सांगतो, बसा. ते बसले नाहीत, त्यांना मीटिंग होती. म्हणून लिहून देतोय.

लिहितोय म्हटल्यावर क्लबातले हसतील. शाळेचं तोंड मी बघितलं नाही हे खरं. पण तरुणपणी बेळगावच्या बसस्टँडवर हमाली केली, तिथं पाट्या बघून अक्षरं शिकलो, मराठी आणि कन्नड दोन्ही. क्लबात हे कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

*

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चापून कापलेल्या हिरवळीवर आधी एक लहान पांढरा चेंडू सोडतात. मग दोन्ही जोड्या आपापले जड गोळे घरंगळवत त्याच्याजवळ न्यायला बघतात. ज्याचा गोळा जवळ, त्याला गुण. गोम एवढीच की गोळ्याची एक बाजू मुद्दाम वेगळी घडवलेली असते, त्यामुळं तो सरळ जातच नाही. सोडायचा एकीकडं, पोचतो दुसरीकडं.

आमच्या कमिटीला हा खेळ का आवडला, ते यावरनं समजावं.

*

स्पर्धा काढली अध्यक्षसाहेबांनी. त्यांची उद्यमबागेत लोखंड ओतायची फाउंड्री. साहेबांना साधी स्पर्धा नको होती, नॅशनल पाहिजे होती. पण नॅशनलला दुसऱ्या राज्यातलं कुणीतरी लागतं. साहेबांचे जावई गोव्याचे, ते एक राज्य झालं. आणखी एक पाहिजे.

सकाळी कँटीनला दूध घालायला शिनोळीचा मारुती आला. शिनोळी इथनं अर्ध्या तासावर, पण हद्दीच्या पलीकडं, महाराष्ट्रात. साहेबांनी त्याला आणि त्याच्या चुलतभावाला धरून उभं केलं. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र. झालं नॅशनल.

मारुतीला हे समजावून सांगितल्यावर त्यानं हातातला कॅन खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी कॅन घिऊन रोज दोनदा नॅशनल करतोय की!"

लहानपणी गोट्या खेळून त्याचा हात बसलेला. त्या दोघांनी एकेकाला गारद केलं आणि फायनलला साहेबांसमोर आले. तेव्हा साहेबांना नियम आठवला, की पांढरे बूट पाहिजेत. मारुतीच्या पायात चप्पल. तो बाद झाला. बोर्डावर पहिल्या ओळीत साहेबांचं आणि जावयांचं नाव लागलं.

दूध मात्र दुसऱ्या दिवशी वेळेवर आलं. जरा पातळ होतं.

*

या स्पर्धेत पहिल्या वर्षापासनं न चुकता हरणारी एक जोडी होती, अण्णा वकील आणि बापू मास्तर. अण्णा बेळगावचे, तोंड कायम चालू. बापू निपाणीचे, रिटायर मास्तर, दर रविवारी रेक्झिनच्या पिशवीत गोळे घालून बसनं यायचे. बोलायला एकदम कमी. एकदाच मला म्हणाले होते, "आप्पा, आयुष्यभर दुसऱ्यांची नावं हजेरीत लिहिली. एकदा आपलं नाव कुठंतरी लागावं, एवढंच."

बोर्डावर फक्त जिंकणाऱ्यांची नावं लागायची. दुसऱ्या नंबराला स्टीलचा डबा मिळायचा. बापूंच्या घरात डबेच डबे झालते.

फॉर्मवर राज्याचा रकाना असायचा. पहिल्या वर्षी अण्णांनी त्यात महाराष्ट्र लिहिलं. साहेबांनी खोडून कर्नाटक केलं. अण्णांनी पुन्हा खोडलं. कागद फाटला. दुसऱ्या वर्षी अण्णांनी लिहिलं, प्रकरण कोर्टात आहे, निकाल लागल्यावर कळवू. माइकवर पुकारणाऱ्यानं जसं होतं तसंच वाचलं, "अण्णा वकील, बापू मास्तर, राज्य निकालानंतर."

आमच्या भागात याच्यावर कुणी हसलं नाही. सगळ्यांना वाटलं, बरोबर आहे.

*

तिसऱ्या ओळीचा किस्सा. त्याच्या आदल्या साली उद्घाटनाला एक पुढारी आलते. त्यांनी गोळा उलटा धरून सोडला. तो पांढऱ्या चेंडूकडं पाठ करून लॉनच्या बाहेर, जास्वंदीच्या झाडात जाऊन बसला. साहेबांनी मला डोळ्यानं खुणावलं. मी पांढरा चेंडू उचलला आणि जास्वंदीखाली त्यांच्या गोळ्याला चिकटवून ठेवला. टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला.

पुढाऱ्यांना वाटलं, आपल्या हातात हे आहे. पुढच्या वर्षी त्यांनी कमिशनरांबरोबर जोडी करून नाव घातलं. लगेच एका जोडीचा गुडघा दुखायला लागला, एकीच्या घरात लग्न निघालं, एक गावाला गेली. राहिले अण्णा आणि बापू. हे दोघं वेळेवर हजर, पुढारी नाहीत. त्यांचा पी.ए. आला, तोही कप न्यायला.

अण्णा म्हणाले, आम्ही समोर उभे आहोत, ते आलेच नाहीत, मग ते जिंकले कसे?

साहेब म्हणाले, "ते मनानं हजर आहेत."

बापूंना डबा मिळाला.

*

पुढं साहेबांच्या मनात आलं, गोळे परदेशातनं कशाला मागवायचे? आपली फाउंड्री आहे. त्यांनी चक्क बिडाचे गोळे ओतून आणले. फायनलला अण्णा-बापूंसमोर साहेबांनी त्यातला गोळा सोडला, तो माझ्या हिरवळीत नांगरासारखा चर पाडत गेला आणि पांढऱ्या चेंडूचे दोन तुकडे केले. एक तुकडा साहेबांच्या गोळ्याकडं, दुसरा बापूंच्या.

पंच होते साहेबांच्याच फॅक्टरीचे स्टोअरकीपर. त्यांनी टेप लावली आणि साहेबांच्या तोंडाकडं बघून आकडा वाचला. अण्णा उसळले. म्हणाले, टेप नको, आप्पांना बोलवा, ते काडीनं मोजतील. टेप माणूस वाचतो, काडीला वाचायला काही नसतं.

मी गवताची काडी तोडून दोन्हीकडं लावून बघितली. बापूंचा गोळा त्यांच्या तुकड्याच्या जास्त जवळ होता. तसं मी सांगितलं.

पंचांनी दोन्ही तुकडे उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "कंपनीचं नाव साहेबांकडच्या तुकड्यावर आहे. नावाचा तुकडा तोच खरा चेंडू."

चौथी ओळ साहेबांची. चर भरायला मला महिना लागला. पण तेव्हापासनं क्लबात रीत पडली, की वाद झाला की आप्पांची काडी.

*

त्या हरण्यावरनं अण्णा आणि बापू एकमेकांशी बोलायचे बंद झाले. अण्णांचं म्हणणं, बापूंनी तिथंच भांडायला पाहिजे होतं. वर्षभर अबोला. पण रविवार एकानंही चुकवला नाही. जोडीनंच खेळायचे. अण्णा मला सांगायचे, "आप्पा, निपाणीकरांना सांगा, जरा जोरात सोडा." बापू हाताच्या अंतरावर उभे. मी वळून सांगायचो, बापू, जरा जोरात सोडा. बापू मान हलवायचे. मी परत वळून सांगायचो, अण्णा, त्यांनी मान हलवली.

एका रविवारी बापूंची बस बंद पडली, दोन तास झाले तरी पत्ता नाही. अण्णा गेटवर जाऊन उभे. बापू घामानं भिजून आले तेव्हा अण्णा त्यांच्यावर असे तापले, असे तापले, की वर्षाचा अबोला तिथंच संपला. शिव्या द्यायला मात्र मला मध्ये घ्यायची गरज पडली नाही.

*

आता शेवटचं साल. सुतारानं बोर्ड खिडकी आणि खांबाच्या मध्ये बसेल एवढाच केलेला. त्यावर एकच ओळ उरली होती. कमिटीनं ठरवलं, ही भरली की बोर्ड बंद आणि स्पर्धाही बंद, लॉनच्या जागेवर लग्नाचा हॉल करायचा (तो अजून कागदावरच आहे). म्हणजे बापूंना ही शेवटची संधी.

फायनलला एकीकडं साहेब आणि जावई, दुसरीकडं अण्णा आणि बापू.

मच्छे गावचा पेंटर सकाळीच आलता. दुपारी त्याला दुसरीकडं काम होतं. साहेब म्हणाले, थांबतोस कशाला, लिहून टाक. त्यानं शेवटच्या ओळीत साहेबांचं आणि जावयांचं नाव लिहिलं, वर पेपर चिकटवला आणि गेला. खेळ अजून सुरू व्हायचा होता.

बापू पिशवी ठेवायला, बोर्ड आहे त्या क्लबाच्या जुन्या हॉलमध्ये गेले. पंख्याच्या वाऱ्यानं पेपर सुटलेला. ते बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा बोटाला ओला रंग लागलेला. माझ्या फडक्याला बोट पुसत म्हणाले, "पेंटरचा हात चांगला आहे, आप्पा." अण्णांना त्यांनी काही सांगितलं नाही.

त्या दिवशी बापू जसे खेळले तसे मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी. शेवटचा गोळा बापूंचा. तो लांबनं वळण घेत आला, साहेबांच्या गोळ्याला बगल देऊन पांढऱ्याच्या दुसऱ्या अंगाला थांबला. साहेबांचा या बाजूला, बापूंचा त्या बाजूला. नुसत्या नजरेला दोन्ही सारखे.

स्टोअरकीपरनं टेप लावली. पहिल्यांदा साहेब जवळ. अण्णांनी पुन्हा लावायला लावली, तेव्हा बापू जवळ. तिसऱ्यांदा तो म्हणाला, टेप ताणलीय. मग सगळ्यांनीच मला हाक मारली.

मी वाकलो. साहेब माझ्या शेजारी वाकून हळूच म्हणाले, "आप्पा, नीट बघा हं. हॉल झाल्यावर वॉचमन लागणार आहे."

मी काडी बापूंच्या गोळ्यापासनं पांढऱ्यापर्यंत बरोबर मापून तोडली. मग तीच साहेबांच्या बाजूला लावली. काडी पुरली नाही. टोक आणि गोळा यांच्यामध्ये नखाएवढा उजेड दिसत होता. मी सावकाश उठलो, गुडघे दुखतात. म्हटलं, "बापूंचा."

अण्णा ओरडले. बापूंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, बस चुकंल. जाताना माझ्या हातातली काडी मागून घेतली आणि खिशात ठेवली.

लोक हॉलमध्ये गेले, बोर्ड बघितला आणि हसायला लागले. अण्णांनी कोर्टाच्या नोटिशीची भाषा काढली. साहेबांचं तोंड उतरलं. म्हणाले, मंगळवारी पेंटरला बोलावतो, खरी नावं घालू. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आप्पा, उद्या थिनर घ्या आणि बोर्डावरची खोटी नावं तेवढी पुसून टाका. तुम्हाला वाचता येत न्हाय, पेंटरला दाखवायला सांगू काय?"

मी म्हटलं, नको, कळंल मला.

सोमवारी सकाळी फडकं, ब्लेड आणि थिनरचा डबा घेऊन स्टुलावर चढलो. जुना रंग हट्टी असतो. सावकाश काम करणारा माणूस मी, दुपार झाली.

वरनं सुरुवात केलती.