हार्ड डिस्कला खोबरेल तेल

रविवार, १२ मे. आजचं काम : घरच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कला कॅशे मेमरी किती आहे, ते बघणं. नाश्ता आणि स्वयंपाक यांच्या मधल्या वेळात उरकेल असा माझा अंदाज होता.

हे काम निघालं एका फेट्यातून.

माझ्या मोठ्या नणंदबाई, अक्का, लासूर स्टेशनला राहतात. त्यांच्या पल्लवीला दोन महिन्यांपूर्वी मुलगा झाला आणि त्याचं बारसं अडून बसलं होतं. का? तर जावयाचे मामा रुसले होते. मामांचं म्हणणं, लग्नात सगळ्यांना फेटे बांधले आणि मला एकट्याला टॉवेल-टोपीवर भागवलं. अक्कांचं म्हणणं, फेटा बांधला म्हणजे बांधला. आणि देवगाव रंगारीच्या विहीणबाई, म्हणजे या मामांच्या सख्ख्या बहीण, त्यांचं म्हणणं, माझा भाऊ येणार नसेल तर बारसं नाही! तोवर त्या लेकराला सगळे ‘बाळ्या’ म्हणत होते आणि पल्लवीला फोनवर रोज रडायला एक कारण होतं.

पुरावा एकच, लग्नाचा व्हिडिओ. फोटोग्राफरनं त्याच्याकडचा कधीच पुसून टाकलेला. अक्कांकडे कॉम्प्युटर नाही. त्यामुळे जगातली एकुलती एक प्रत पुंडलिकनगरात, आमच्या कॉम्प्युटरवर. तीन तासांचा तो व्हिडिओ दोन्ही घरांत कुणीही पूर्ण पाहिलेला नव्हता. (लग्नाचा व्हिडिओ पूर्ण कोण बघतं? आपण एकदा दिसलो, की माणूस उठतो.) सोमवारी सकाळच्या गाडीनं अक्का येणार, पेनड्राइव्ह घेऊन देवगावला जाणार आणि विहीणबाईंच्या टीव्हीवर सगळ्यांसमोर तो फेटा दाखवणार, असं ठरलं होतं.

आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर उतरेना! अर्ध्यापर्यंत रडतखडत जायचा आणि थांबायचा. मी शेजारच्या साळवे सरांना हाक मारली. सर ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. ते सफारी घालून सिडकोतल्या एका लग्नाला निघाले होते, त्यामुळे निदान फाटकातूनच झालं.

“डिस्कची कॅशे मेमरी कमी असंल, वैनी. किती हाय ते बघा आधी.”

“ती काय असते?”

“तुमच्या स्वयंपाकघरात कोठीची खोली असती ना? ती डिस्क. आणि गॅसशेजारचा ओटा, जिथं हाताशी लागणारं काढून ठेवता, ती कॅशे. ओटा लहान असला की सारखं कोठीत पळावं लागतंय. काम लांबतंय.”

मला हे इतकं स्वच्छ कळलं, की मीच कॉलेजात शिकवायला जावं असं वाटलं. “कुठे लिहिलेलं असतं?”

“डिस्कच्या लेबलवर बघा,” असं म्हणून सरांनी स्कूटरला किक मारली. पुढे ते आणखी काहीतरी म्हणाले, पण ते मला ऐकू आलं नाही. (ते फार महत्त्वाचं होतं, हे पुढे कळलं.)

मी स्क्रू ड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला एक वाटी घेऊन बसले. आमचे हे दारात येऊन उभे राहिले.

“अगं, तुला येतं का ते?”

“मिक्सर उघडते ना मी? तसंच.”

“मिक्सरमध्ये अक्काची अब्रू नसते.”

मी दुर्लक्ष केलं. बाजूचा पत्रा निघाला, दोन वायरी काढल्या, डिस्क हातात आली. आणि मी बघतच राहिले. डिस्कचं लेबल दिसतच नव्हतं. होता तो हळदी-कुंकवाचा जाड थर! वर चिकटलेल्या अक्षता, आणि कोपऱ्यात वाळून काळी पडलेली झेंडूची पाकळी.

“अहो! हे काय?”

“दसऱ्याची पूजा.”

“कॉम्प्युटरची पूजा बाहेरून होते. मी स्वतः हार घालते!”

“बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग?” हे शांतपणे म्हणाले. हे वाळूजला कंपनीत आहेत, आणि तिथे खंडेनवमीला मशिनच्या चालत्या भागालाच कुंकू लावायचं, असा यांचा आग्रह असतो. “अक्कल आत असते. दरवर्षी तू नैवेद्याचं बघत असतेस तेव्हा मी उघडून लावतो.”

“म्हणजे तुम्हाला उघडता येतं?”

“येतं की.”

“मग मघाशी बोलला का नाहीत?”

“तू विचारलंस कुठे?”

यावर उत्तर देण्यात वेळ गेला असता, म्हणून मी ओलं फडकं आणलं. (नळाला पाणी यायचा दिवस नव्हता. असता तर मी डिस्क नळाखालीच धरली असती, हे आज कबूल करते.) ओलं फडकं फिरवल्याबरोबर कुंकवाला पाझर फुटला. फडकं गुलाबी झालं, माझी बोटं लाल झाली, वाटी लाल झाली. थर मात्र जागचा हलला नाही.

“पाणी नको! इलेक्ट्रिकचं आहे ते!” हे ओरडले.

पटलं मला. शिवाय कुंकू पाण्यानं निघत नाही, हे मला कळायला हवं होतं. कपाळावरचं हट्टी कुंकू आपण कशानं काढतो? खोबरेल तेलानं! मी बाटली आणली आणि चांगलं बोटभर तेल चोळलं. थर सुटायला लागला, अक्षता एकेक करून निघाल्या, खालून अक्षरं दिसायला लागली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. ते तेवढ्यापुरतंच टिकलं.

“इथे एक भोक आहे,” हे चष्मा वर करून म्हणाले. “आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय इंग्रजीत.”

“काय?”

“हे छिद्र झाकू नये.”

आम्ही दोघांनी छिद्राकडे पाहिलं. ते झाकलेलं होतं. यांनी तीन दसरे कुंकवानं झाकलेलं आणि मी नुकतंच तेल घालून लिंपलेलं. यांनी मोबाईलवर शोधलं आणि वाचता वाचता यांचा आवाज बसत गेला. “आतली आणि बाहेरची हवा सारखी राहावी म्हणून असतं. श्वासासाठी म्हण.”

“म्हणजे हिचं नाक दाबून तुम्ही तीन वर्षं पूजा केलीत!”

“पण ती चालत होती! नाकात तेल तू घातलंस!”

मी शिवणाच्या डब्यातली सुई घेतली. यांनी माझं मनगट धरलं. त्याच वेळी फोन वाजला. अक्का.

“शोभा, काय करतीस?”

माझ्या एका हातात सुई, दुसऱ्यात तेलकट डिस्क. फोन यांनी माझ्या कानाला धरलेला. “काही नाही अक्का. जरा साफसफाई.”

“व्हिडिओ हाय ना नीट? मी विहीणबाईला सांगून टाकलंय, उद्या दुपारी सगळ्यांना बोलवा म्हणून. मामा बी येणारेत. फेटा नाय दिसला तर मी सगळ्यांसमोर माफी मागंल, असं बोलून बसले बघ.”

“असं कशाला बोललात?”

“लई तोंड चालवायली ती. माझी लेक ऐकून घेतीया रोज. हाय ना नीट?”

“एकदम नीट,” मी म्हटलं. घाम माझ्या कानावरून फोनवर उतरला.

फोन ठेवला. सुई ठेवली. कान कोरायची कापसाची काडी आणली आणि श्वास रोखून छिद्राभोवतीचं तेल टिपलं. (श्वास मी कशासाठी रोखला होता, माहीत नाही. अडचण तिच्या श्वासाची होती.) मग जुन्या सुती ओढणीनं सगळं कोरडं पुसलं. लेबल आता वाचता येत होतं. कॅशे : चौसष्ट. बघायचं होतं ते बघून झालं होतं! पण आता त्या आकड्याशी आम्हाला काही देणंघेणं उरलं नव्हतं. डिस्क आत बसवली, पत्रा लावला, बटण दाबलं.

काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत, डिस्क सापडत नाही.

मी बंद करून पुन्हा चालू केलं. सापडत नाही. यांनी देवघरात दिवा लावला. मी म्हटलं, “त्यानं काय होणार?” तर म्हणाले, “तू तेल घातलंस, मी वात लावतो.” माणसं संकटात अशी बोलतात, आणि आपण त्यांच्याशी संसार करतो.

साळवे सरांना फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

“सर, डिस्क सापडत नाही!”

“काय हरवलं?”

“हार्ड डिस्क! कुंकू होतं तिला! मी खोबरेल तेल लावलं!”

पलीकडे बँड चालू राहिला, सर बंद पडले. मग म्हणाले, “वैनी, परत सांगा. कशाला लावलं?”

मी परत सांगितलं. सरांनी तिथेच कुणालातरी ते सांगितलं. तिकडे तीन-चार माणसं हसली. लग्नातल्या अनोळखी माणसांची करमणूक झाली याचं मला काही वाटलं नाही. मला अक्कांची माफी दिसत होती.

“पण उघडली कशाला? मी जाताना वरडून सांगितलं ना, उघडू नका, फुकटचं सॉफ्टवेअर असतंय, ते कॉम्प्युटरवरच सगळं सांगतंय म्हणून!”

“ते स्कूटरच्या आवाजात गेलं.”

“बरं, आता दोन वायरी नीट बसवल्या का?”

“एक बसवली.”

“दुसरी?”

दुसरी मोकळी लोंबत होती. मला लोंबतं काही चालत नाही. मी तिची छान गुंडाळी करून, रबर लावून, कोपऱ्यात खोचून ठेवली होती.

“काढा ते रबर,” सर म्हणाले. त्यांचा आवाज फार दमलेला होता.

रबर काढलं, वायर बसवली, बटण दाबलं. घरघर झाली. पडद्यावर आमचा नेहमीचा फोटो उगवला आणि हे चक्क डिस्कच्या दिशेनं हात जोडून उभे राहिले. व्हिडिओ होता! उघडत होता! मी तिथेच फरशीवर बसून पाण्याचा आख्खा तांब्या संपवला. खोलीत तापलेल्या खोबरेल तेलाचा वास भरला होता.

“कॅशे किती निघाली?” फोनवरून सरांनी विचारलं.

“चौसष्ट.”

“मग चांगली हाय की! ओटा मोठा हाय तुमचा. पेनड्राइव्हच भंगार असंल. दुसरा वापरून बघा.”

दुसरा घरात नव्हता आणि रविवारी मिळाला नाही. पुन्हा काही हात लावायची माझी हिंमत नव्हती, हे खरं कारण.

सोमवारी सकाळी अक्का आल्या. चप्पल काढायच्या आधी म्हणाल्या, “लाव.”

पेनड्राइव्हचं मी सांगितलं. “मग हितंच लाव आन् तो फेट्याचा भाग मोबाईलमदी धर. तेवढाच दाखवायचाय मला.” हे आदल्या दिवशी तिघांपैकी एकाच्याही, त्यात एक प्राध्यापक, डोक्यात आलं नव्हतं.

लावला. हळद गेली, वरात गेली, आणि मानपानाला सुरुवात झाली. खुर्ची मांडलेली. एकेक पाहुणा येतोय, फेटा बांधून घेतोय. मग मामा आले. खुर्चीत बसले. फेटेवाल्यानं कापड झटकलं. अक्का पुढे सरकल्या. मी अक्कांचा मोबाईल धरला.

आणि पडदा हिरवा झाला.

“ह्ये काय आलं मधीच?” अक्का म्हणाल्या.

“पाठ आहे,” हे म्हणाले.

“कुणाची?”

पदर कमरेला खोचलेली, रुंद, खंबीर, आपल्याशिवाय लग्न पार पडणार नाही याची खात्री असलेली पाठ. ती हलेना. हलली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि मामा निघून गेले होते.

“शोभे,” अक्का सावकाश म्हणाल्या, “एवढ्या मोठ्या मांडवात तुला हीच जागा गावली व्हय गं?”

बारसं, पल्लवी, माफी, सगळं माझ्या पाठीआड गेलं होतं. मग सुचलं. “आवाज वाढवा.”

मागे घेतलं, आवाज वाढवला, मोबाईल पुन्हा धरला. सनईच्या वरताण, स्वच्छ, खणखणीत, माझा आवाज : “अहो, मामांचा फेटा सैल बांधा! डोकं बघा केवढं आहे! कापड पुरायचं नाही!” मागे बायकांचं हसणं. मग फेटेवाला : “पुरंल ताई, दुसरं जोडतो.” आणि शेवटी खुद्द मामा : “बांधा, बांधा. छान झालाय.”

अक्कांनी टाळी वाजवली. “गावला!”

पुरावा होता. फक्त तो आवाजासकटच पुरावा होता. माझं वाक्य कापलं असतं, तर उरली असती नुसती पाठ. अक्का माझ्याकडे बघत होत्या. दुपारपर्यंत कशाला थांबायचं, म्हणून मी तो तुकडा तिथल्या तिथे विहीणबाईंना पाठवून दिला. उत्तर यायला वेळ लागला. (मामांना ऐकवला असणार. बहुधा पुन्हा पुन्हा.) मग मेसेज आला : “फेटा बांधला होता, भाऊ कबूल आहे. बारशाला येतो म्हणतोय. फक्त विचारतोय, त्या हिरव्या साडीवाल्या बाई येणार आहेत का?”

अक्कांनी मोबाईल माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं : “नाही, त्यांना त्या दिवशी जमणार नाही.”