यादीच्या बैठकीत अडलेलं पेन

मालकांनी पेन झटकलं आणि निळ्या शाईच्या थेंबांची रांग होणाऱ्या व्याह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून पोटापर्यंत उमटली. शाहूपुरीतल्या आमच्या घरी लेकीच्या लग्नाची यादी करायला दोन्हीकडची माणसं जमली होती. मानपान कुणी काय करायचं ते लिहून सह्या झाल्या, की लग्न पक्कं. वरती 'श्री' काढतानाच पेन अडलं.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. सगळे बॉलपेननं लिहायचे, आमचे मालक तेवढे शाईचं पेन खिशाला लावून हिंडायचे. दर रविवारी त्याला कोमट पाण्यानं अंघोळ. माझी पाठ कधी चोळली नाही. दुसऱ्याच्या हातानं निब बिघडते म्हणून मला त्यानं लिहूही दिलं नाही. मी चौथी पास, लिहिणार तरी काय होते म्हणा.

पण अडलं ते माझ्यामुळं. शुभकार्य म्हणून सकाळी मीच टोपण काढून निबला हळदकुंकू वाहिलं होतं. खंडेनवमीला विळी-खुरप्याला वाहतो तसं. विळीला घसा नसतो आणि निबला असतो, हे तेव्हा सुचलं नाही.

आधीचं एक स्थळ यादीवरच मोडलं होतं, तेही पंगतीला वाढायचं कुणी एवढ्यावरून. लेक आतल्या दारात उभी होती. तिचं तोंड बघून खरं सांगायचा मला धीर झाला नाही.

व्याही सदऱ्याकडं बघत म्हणाले, "पावणं, यादी कागदावर करायची का माझ्यावर?"

"पेन असं कधी करत न्हाय हो," मालक म्हणाले. "आजच काय झालंय त्याला..."

"त्याला न्हाय, तुम्हाला झालंय," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्यात बी एक असंच खूळ हाय. ह्यांच्या तीन सदऱ्यांचे खिसे निळे करून बसलंय. दुकानदार हात जोडतोय, आता शाई कोण मागत न्हाय म्हणून." मग त्या आपल्या पोराकडं, नवऱ्या मुलाकडं वळल्या. "काढ रं तुझं बॉलपेन."

"यादी बॉलपेननं?" मालक आणि व्याही एकदमच ओरडले.

"मग बसा की दोघं झटकत!"

बाईंनी कागद ओढला आणि स्वतःच यादी लिहिली. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. पहिलंच कलम मोठ्यानं वाचून दाखवलं, "मुलाच्या बापाला नवा सदरा, मुलीकडून." तेव्हा कुठं सगळे हसले. दोन्ही बाप्यांनी कारल्याचा रस प्यायल्यासारखी तोंडं करून बॉलपेननं सह्या केल्या.

लग्न झालं. कुंकवाचं मी मालकांना कधीच सांगितलं नाही. पुढं बरीच वर्षं ते शाई करणाऱ्याला शिव्या देत होते, मी ऐकून घेत होते. नंतर दुकानात दौतच मिळेना, तेव्हा शिव्या थांबल्या.

लेक नांदतेय, तिची पोरं मोठी झाली. मालक गेले, व्याही त्यांच्याआधी गेले. त्या बैठकीतल्या थोरांपैकी आता विहीणबाई आणि मी, दोघीच आहोत.