मामाची बिनतोंडाची माणसं

माणसाच्या चेहऱ्यावर ज्याचा काडीइतकाही विश्वास नाही असा या पृथ्वीतलावर एकच माणूस आहे, आणि तो माझा सख्खा मामा आहे. रेवसजवळच्या कोळीवाड्यात जन्मून तो शिल्पकार झाला. मोडीत निघालेल्या होड्यांचं लाकूड तासून तो माणसं घडवतो. पाठ, खांदे, गुडघे असे की आता उठून चालू लागतील. पण मानेच्या वर नुसता गुळगुळीत गोळा. ना नाक, ना डोळे. मुंबईच्या प्रदर्शनांत म्हणे लोक या पुतळ्यांपुढे तासन्‌तास उभे राहतात. आमच्याकडे शेजारी त्यांच्यावर जाळी वाळत घालतात. मामाला त्याचं काही वाटत नाही. "खांदे हायत ते, कामाला येवदेत," म्हणतो.

"तोंडाला खोटं बोलता येतं, पाठीला न्हाय," हे त्याचं तत्त्वज्ञान. समोरून गेलो तर मला तो ओळखत नाही. पाठमोरा दिसलो की अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल अशी हाक मारतो. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन हा गृहस्थ सरळ मुलीच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. तिचे वडील घाबरेघुबरे झाले. "सोन्यासारखी पोर हाय. हट्टी तर अजिबात न्हाय," त्याने निकाल दिला. तो साफ चुकला होता, पण हे मी घरात बोलत नाही.

या तत्त्वज्ञानाला एकच माणूस भीक घालत नसे, ती म्हणजे मामी. अलिबागच्या मासळीबाजारात तिची जागा अगदी दाराशी, आणि आवाज त्याच्याही बराच पुढे. बाजाराची नवी शेड झाली तेव्हा दारात कोळणीचा पुतळा हवा म्हणून बायकांनी मामाला गळ घातली. मामीने बजावलं, "माझाच करा. पन तोंडासकट. जल्मात येकदा तरी!"

मामाने चार महिने ताडपत्रीच्या आड काम केलं. शेवटी ताडपत्री निघाली. एक गुडघा उभा, टोपली वाहून वाहून उतरलेला डावा खांदा, गिऱ्हाइकाला झटकणारा हात, आणि वर तोच गुळगुळीत गोळा. शेजारच्या जागेवरची म्हातारी ओरडली, "अगो, ही तर आपली हौसा!" झाडून साऱ्या बायका हसल्या. मामी तेवढी हसली नाही. कोळ्याच्या त्या घरात माशाचं मानाचं डोकं नेहमी मामाच्या ताटात पडायचं. त्या दुपारी पडली शेपटी. "तुमाला तोंड नको ना? मंग तोंड कराल त्या दिशी डोकं मिळंल," मामी म्हणाली. पुढची सहा वर्षं मामाने निमूट शेपट्या खाल्ल्या.

मामी गेल्या वर्षी गेली. आता बाजार उठला की मामा पटाशी घेऊन पुतळ्यासमोर बसतो आणि लाकडाची ढलपीही न काढता उठतो. परवा मी म्हटलं, "मामा, फोटोवरून कर की."

"फोटोत ती गप हाय रं. गप बसलेली मी तिला कवा पाह्यलीच न्हाय. बाजाराला जाताना पन ती पुढं, मी टोपली घेऊन मागं. तोंड नीट बघायचं राहूनच गेलं."

त्या उतरलेल्या खांद्याकडे बघून माझेच डोळे भरून आले.

त्याच्याबरोबर घरी जेवायला गेलो. सुनेने कौतुकाने त्याच्या ताटात जिताड्याचं डोकं वाढलं. मामाने ते हळूच उचलून माझ्या ताटात ठेवलं.

"अजून झालं न्हाय, बाय," तो सुनेला म्हणाला, आणि शेपटीसाठी ताट पुढे केलं.