वळणावरचे दगड

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. बबनला तर नाहीच—आणि खरं म्हणजे ती त्याचीच आहे.

रस्त्यात गाडी बंद पडली की आपण काय करतो? मागे दगड मांडतो, एखादी फांदी टाकतो, म्हणजे मागून येणारा सावध होतो. मुरबाडहून टोकावड्याला येताना माझा भाजीचा रिकामा टेम्पो पंक्चर झाला, तेव्हा मीही वळणावर दगड मांडले. बांधावरचे, चांगले मोठे. चाक बदललं, निघालो. दगड—दगड तसेच राहिले.

त्याच दिवशी दिवेलागणीला बबनची जीप त्या वळणावर आली. बबन माझा लहानपणापासूनचा मित्र. मुरबाडच्या बाजारातून माणसं आणायचा. दगड चुकवायला त्याने गाडी वळवली आणि ती खाली शेतात उलटली. मागे बसलेली एक बाई गेली.

टोकावड्यात बातमी कळली तसा मी धावलो. सगळे खाली जीपपाशी होते. मी मात्र आधी वळणावर गेलो. दगड उचलून रस्त्याकडेच्या चरात टाकले. मित्र जिवंत आहे का ते बघायच्या आधी! काय करतोय ते मला कळत होतं का? कळत होतं.

बबन सांगत राहिला, रस्त्यात दगड होते; मागे बसलेल्यांना पुढचा रस्ता दिसला नव्हता. पंचनाम्यात दगड कुठेच नव्हते.

त्याचा वकील म्हणाला, अपघात कसा झाला ते खुणांवरून सांगणारा जाणकार माणूस आणा. बबनची बायको माझ्याकडे आली. "भावजी, तुमच्याशिवाय कोण हाय आमाला?" मीच ठाणे शहरात जाऊन एका निवृत्त मोटार इन्स्पेक्टरला ठरवून आलो. वाटलं—हा काहीतरी शोधून काढेल, बबन सुटेल, आणि मला तोंड उघडावंच लागणार नाही.

साहेबांनी जामिनावर सुटलेल्या बबनला आणि मला घेऊन वळण गाठलं, पोलिसांचा नकाशा हातात घेऊन टेप लावली, खडूने जीपची वाट आखली. दमले तसे चरातल्या एका दगडावर टेकले. माझ्याच दगडावर.

"गाडी एकदम वळवलीय," ते म्हणाले. "आडवं काहीतरी असणार. दगड बघितलेला एक माणूस मिळाला तरी पुरे." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही रोज जाता ना इथून? त्या दिवशी गेला होतात?"

बबन माझ्याकडे बघत होता.

"गेलो होतो साहेब," मी म्हणालो. "दगड नाय बघितले. रस्ता साफ होता."

साहेबांनी अहवालात लिहिलं—रस्त्यात अडथळा असल्याचा पुरावा नाही; चालकाचा डोळा लागला असावा. बबनला शिक्षा झाली. सुटून आला तेव्हा लायसन्स गेलेलं होतं. मी त्याला माझ्या टेम्पोवर हमालीला ठेवला. लोक म्हणाले, मित्र असावा तर असा.

ढाब्यावर पोरं चिडवायची, "काय बबनदा, आज नाय दिसले दगड?" सुरुवातीला तो अंगावर धावून जायचा. नंतर हसायला लागला. एकदा मला म्हणाला, "लागला असंल रे माझा डोळा. साहेब कशाला खोटं लिहितील? आनि तू तरी कशाला खोटं बोलशील?"

मी उठून दोघांच्या चहाचे पैसे दिले.

परवा टेम्पो बंद पडला. बबननेच मागे दगड मांडले. दुरुस्ती झाल्यावर मी केबिनमध्ये बसलो, इंजिन चालू केलं. तो चढेना. आरशात बघितलं—वाकून एकेक दगड उचलून तो रस्त्याच्या बाहेर ठेवत होता.